हात मागे, कांदा खिशात

मी फुगे घेऊन गेलो. चांगली दोन पाकिटं, रंगीबेरंगी. शिवाय एक पत्र्याची शिट्टी आणि माकडाची एक नक्कल, जी आमच्या आळीतली पोरं हमखास पुन्हा करायला लावतात. ज्यांच्यासाठी हे सगळं नेलं त्यांच्यातल्या निम्म्यांना मिशा होत्या, आणि एकाची मिशी तर माझ्यापेक्षा भारदस्त होती.

दोष पंगतीचा. माझी आतेबहीण कुसुमताई लग्न होऊन नागपूरला गेली आणि तिकडचीच झाली. मतिमंद माणसांसाठी (तेव्हा हाच शब्द सगळीकडे चाले) ती धरमपेठेत एक कार्यशाळा चालवायची. पुण्यात घरच्या एका लग्नात ती पंगतीला माझ्या शेजारी बसली आणि मे महिन्यातल्या शिबिराबद्दल सांगू लागली. माझं सगळं लक्ष जिलबीच्या ताटाकडे होतं. ताट आमच्या रांगेत वळलं, तेव्हाच ती म्हणाली, "मग येशील ना? पुरुष माणूस हवाय रे, सगळ्या बायकाच आहोत आम्ही." मी "हो, हो" म्हणालो. त्यातला एक हो वाढप्याला होता, पण ताईनं दोन्ही घेतले.

धरमपेठ

मे महिन्यात नागपूरला उतरणाऱ्या माणसाकडे तिथले लोक एका खास नजरेनं बघतात. आपण स्मशानातून परत येणाऱ्याकडे बघतो, साधारण तशी. माझ्या सायकलरिक्षावाल्यानं डोकं, कान, नाक सगळं दुपट्ट्यात गुंडाळलं होतं, उघडे होते फक्त डोळे. मी बोडका.

"बाहेरगावचे दिसता, साहेब," तो म्हणाला. "डोक्याले काही बांधा ना गा. पिघलून जाल."

ताईच्या घरी खिडकीत वाळ्याचा कूलर होता. तो सुरू झाला तेव्हा मला वाटलं, बैठकीत कुणी मालट्रक आणून लावला. पण त्या गार, ओल्या वाळ्याच्या वासासमोर बसून कैरीचं पन्हं प्यायलो आणि नागपूरला माफ केलं. पुण्यात आम्ही दुपारी दारं लावतो ती झोपेसाठी. इथं जिवासाठी लावतात.

पिशवीतून फुगे निघाले तेव्हा ताई माझ्याकडे बघतच राहिली.

"हे कुणासाठी?"

"शिबिरातल्या मुलांसाठी."

"श्रीपाद, आपल्याकडचा सगळ्यात धाकटा माणूस तेवीस वर्षांचा आहे. मी तुला सगळं सांगितलं होतं की रे."

"मी ऐकलं होतं की."

"तू जिलबी ऐकत होतास."

मग तिनं पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी समोर जिलबी नव्हती. कार्यशाळेत खडू बनत. आधी मेणबत्त्या करून बघितल्या होत्या, पण नागपूरच्या उन्हाळ्यात त्या विक्रीला जाण्याआधीच लवून नमस्कार करू लागल्या. आता मागच्या दोन खोल्यांत काही जणांना कायमचं राहायला ठेवायचं ठरलं होतं. पुरुषांच्या खोलीत एकच खाट उरली होती. तिच्यासाठी ताईच्या मनात नागपूरजवळच्या कुहीकडचा सुखदेव होता. वडील नाहीत, आई थकलेली. पण कार्यशाळेच्या समितीची अट अशी, की आंघोळ, कपडे, जेवण आणि ताट धुणं हे ज्याचं त्याला जमलं पाहिजे, कारण तिथं चोवीस तास मागं मागं फिरायला कुणी नाही. सुखदेवला एक सोडून सगळं येत होतं.

"काय येत नाही?"

"पायजम्याची नाडी. पस्तिशीचा झाला, पण अजून माय बांधते. आणि आता तिचे हात चालत नाहीत. या आठवड्यात जमलं तर खाट त्याची. नाही जमलं तर मी त्या बाईला काय सांगू, ते मला माहीत नाही."

मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "नाडीच ना? ती माझ्यावर सोड."

अशी वाक्यं माझ्या तोंडून फार सहज निघतात.

शाळा

शिबिर होतं कुहीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत. सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे होते. सगळा मुलूख भाताचा, पण मे महिन्यात भात कुठला! बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कोरड्या ठक्क पडलेल्या, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि बांधांवर मोहाची झाडं अशी निवांत उभी, जणू ऊन दुसऱ्याच कुणाच्या शेतात पडतंय. शाळेमागे एक तळं, त्यात म्हशींपुरतं पाणी. आपल्या मावळातली हिरवीगार डोंगरउतरण डोळ्यांत घेऊन गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे सगळं उजाड वाटतं. दोन दिवसांनी कळतं, की इथं नजर अडत नाही. लांबून येणारा माणूस अर्धा तास आधी दिसतो आणि यजमानाला चहाचं आधण ठेवायला सवड मिळते.

सुखदेव असाच लांबून दिसला. बैलगाडीतून माय आणि लेक येत होते. शाळेच्या आवारात गाडी शिरली, सुखदेवनं उडी मारली, बैल सोडले, कडुनिंबाला बांधले आणि पाण्याला गेला. मी मात्र त्या वेळी फुगा फुगवत होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण जे बघायला हवं होतं ते डोळ्यांसमोर घडत होतं आणि माझे गाल फुगलेले होते.

तो परत आल्यावर मी तांबडा फुगा पुढे केला. त्यानं तो हातात घेतला, वरून-खालून बघितला आणि मला परत दिला.

"मी लहान हाओ काय?" त्यानं विचारलं. भारदस्त मिशी म्हणालो ती हीच.

मी ओशाळलो. एवढ्यात मागून हात आला आणि फुगा गेला. तो हात मंदाचा. मंदा चाळिशीची, नागपूरचीच, कार्यशाळेत खडूंची खोकी भरणारी. तिनं फुगा वेणीला बांधला आणि फुटेपर्यंत काढला नाही. तेव्हा मोठ्या माणसांना फुगे आवडत नाहीत असा नवा सिद्धांत मांडायला निघालो होतो, तोही मला तिथंच गुंडाळावा लागला.

सुखदेवची माय कौसाबाई. लहानशी, वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी. गाठोडं माझ्या हाती देताना तिचे हात थरथरत होते. थंडीनं थरथरतात तसे, आणि ऊन तर डोक्यावर.

"भाऊ, पोरगं चांगलं हाये," ती म्हणाली. "कोनाले तरास नाही देत. सकाळी तेवढी त्याची नाडी बांधून देजा."

"माय, तेच तर द्यायचं नाही," ताई म्हणाली. "आठवडाभर इकडे फिरकू नका. रविवारी या."

"आन् नाही जमलं त?"

कौसाबाईनं पोराच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, मग उगाच पुन्हा नीट केली, आणि गाडीत बसली.

हौदावर

त्या शिबिराचा एकच नियम होता, आणि तो शिबिरार्थींना नव्हता, आम्हाला होता: हात मागे. शाळेत कवायतीला उभे राहतात तसे पाठीमागे हात बांधून आम्ही उभं राहायचं. कुणाचं बटण चुकीच्या काजात गेलं, हात मागे. कुणी डावी चप्पल उजव्या पायात घातली, हात मागे. तो चार पावलं चालतो, थांबतो, खाली बघतो आणि स्वतःच बदलतो. तेवढं थांबणं म्हणजे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. घरी करून बघा. समोरचा माणूस भाताचा घास तोंडापर्यंत नेतोय आणि वाटेत तो सांडणार हे तुम्हाला दिसतंय, आणि तुम्ही हात मागे! माझे हात तर स्वभावानंच पुढे. आमच्याकडे पाहुण्याची पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतल्याशिवाय आदरातिथ्य झालं असं मानत नाहीत.

पहिल्या सकाळी हौदावर आंघोळी झाल्या. सगळे आटपून गेले. पोह्यांचा वास येत होता. नागपुरी पोहे, वर तांबडी तर्री, जी खाल्ल्यावर पुणेरी माणसाला स्वतःचे कान कुठे आहेत ते समजतं. सुखदेव पायजमा मुठीत धरून माझ्यासमोर उभा. नाडीची दोन टोकं त्यानं पुढे केली.

"स्वतः बांध," मी हात मागे घेऊन म्हणालो.

"माय बांधते."

"माय इथं नाही."

"तू त हायेस."

याला उत्तर असेल तर मला कळवावं. मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं, आणि पोहे गार होत होते. मी चटकन बांधून दिली. एकदाच, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही एकदाच. तिसऱ्या दिवशी तो शिंप्याकडे माप द्यायला यावं तसा सदरा वर करून माझ्यापुढे आला आणि हवा कशी आहे ते बघत उभा राहिला.

नेमकी त्याच वेळी ताई आली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हौदाच्या कठड्यावर बसली. "तीन दिवस मी बघतेय, हा नीट कपडे घालून येतोय. काल मी समितीच्या बाईंना निरोपसुद्धा पाठवला, की जमेल बहुतेक. मला वाटलं हा शिकला. शिकलास तू!"

"ताई, त्याची दया आली गं."

"तुझी दया पुण्याच्या गाडीत बसून निघून जाईल. त्यानं रोज नाडी धरून कुणापुढे उभं राहायचं?"

पोहे मला त्या दिवशी गिळेनात, आणि या वेळी तर्रीचा संबंध नव्हता.

चौथ्या सकाळी मी खरोखर हात मागे घेतले. सुखदेवनं वाट बघितली. माझ्या मागे जाऊन हात जागेवर आहेत का तेही तपासलं. मग त्याला राग आला. पायजम्याचा पुढचा भाग डाव्या मुठीत घट्ट आवळून तो तडक पोह्यांना गेला. डाव्या मुठीत पायजमा, उजव्या हातानं पोहे. ताट धुतलं तेही एका हातानं, आणि माझ्याकडे बघत बघत. सगळा दिवस तसाच. दुपारी मंदानं सहानुभूती म्हणून स्वतःचा परकर मुठीत धरला आणि तीही तशीच फिरू लागली.

"धरू दे," ताई म्हणाली, पण तिच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता. रविवार जवळ येत होता.

आमराई

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जवळच्या आमराईत जायचं होतं. निघताना ताईनं पोळ्या-ठेच्याच्या पुरचुंड्या वाटल्या आणि प्रत्येकाला एक एक कांदा दिला. कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी कांदा खिशात घातला. म्हणून मीही काही विचारलं नाही. आपल्याला कांदा कशासाठी असतो हे कळतं, अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

आमराईत मजा झाली. पाडाला आलेले आंबे, खाली दाट सावली, मंदाचं एकच गाणं पुन्हा पुन्हा. माझी माकडाची नक्कलही झाली. ती बघून सुखदेव म्हणाला, "आमच्या गावचं माकड असं नाही करत." मग पुरचुंड्या सुटल्या. मी माझा कांदा दगडावर ठेवला, बुक्कीनं फोडला आणि ठेच्याबरोबर मटकावला. मंदा ओरडली, "भाऊनं कांदा खाल्ला! भाऊनं कांदा खाल्ला!" सगळे पोट धरधरून हसले. मला वाटलं बुक्कीची तारीफ चालली आहे, म्हणून मीही हसलो.

परतायला उशीर झाला. ऊन असं पेटलं की बांध हलताना दिसू लागले. बाकीचे दुपट्टे बांधून पुढे गेले. मी मागे राहिलो, कारण पाय माझं ऐकत नव्हते. आणि माझ्याही मागे सुखदेव, कारण एका मुठीत पायजमा धरून बांधांवरून भराभर चालता येत नाही. वाऱ्याची एक झळ तोंडावर आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी एका मोहाच्या बुंध्याशी बसलो तो बसलोच.

सुखदेव येऊन समोर उभा राहिला.

"काहून बसला गा?"

"चक्कर येतेय."

"कांदा कुठं हाये तुझा?"

"खाल्ला."

"खाल्ला? अरे बाप्पा!" त्यानं कपाळावर हात मारला. "तो खिशात ठेवाचा असते. ऊन लागते नाही त. तुले मायनं सांगतलं नाही काय?"

माझ्या मायनं मला बरंच सांगितलं होतं, पण हे राहिलं होतं. खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही हे शास्त्राला कितपत मान्य आहे मला ठाऊक नाही. इथल्या शेतकऱ्यांना मान्य आहे, आणि त्या घटकेला आमच्या दोघांत उभा तो होता, मी नव्हतो.

त्यानं मला उठवायला उजवा हात दिला. एका हातानं माझं धूड उठेना. दुसरा हात लावावा तर पायजमा. तो अडला. मग नेहमीच्या सवयीनं त्यानं नाडीची टोकं माझ्यापुढे केली. खरं सांगतो, मी बांधायलाच निघालो. ताई नव्हती, नियम गेला खड्ड्यात. पण माझे हात वर आले ते लटालटा कापत होते. नाडीचं टोक दोनदा बोटांतून निसटलं.

सुखदेव माझ्या हातांकडे बघत राहिला.

"मायसारखे," तो म्हणाला.

त्यानं टोकं परत घेतली. माझ्याकडे पाठ केली. खांदे हलताना मला दिसत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हात मागे न बांधताही मधे पडलो नाही. मग तो वळला. दोन्ही हात मोकळे! पोटावर जी गाठ होती ती माझी नव्हती, कौसाबाईचीही नव्हती. जाडजूड, एका बाजूला फास असलेली.

"ही कुठली रे?"

"बैलाची," तो म्हणाला. "घरी मीच बांधतो ना."

कडुनिंबाला बांधलेले बैल मला आत्ता दिसले, फुगा बाजूला करून.

सदऱ्याच्या खिशातून त्यानं स्वतःचा कांदा काढला आणि माझ्या खिशात कोंबला. "हा नको खाऊ," अशी ताकीद दिली. मग दोन्ही काखांत हात घालून मला उभं केलं आणि अर्धं ओढत, अर्धं ढकलत शाळेपर्यंत आणलं. ताई धावत आली ती माझ्यासाठी, पण मधेच तिची नजर सुखदेवच्या मोकळ्या हातांवर गेली आणि ती मला विसरली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. व्हरांड्यात ओल्या पंच्याखाली पडल्या पडल्या मी तिचा आवाज ऐकत होतो: "सोड बरं. आता पुन्हा बांध. सोड. पुन्हा."

रविवार

सकाळपासून गाड्या, सायकली, यष्टी, ज्याला जे मिळालं त्यानं लोक आपापल्या माणसांना न्यायला आले. जेवायला वडाभात होता, वर फोडणीचं तेल, आणि आमरसात बुडवून शेवया. आमरस पोळीशी खावा, या माझ्या मताला तिथं कुणी विचारलं नाही.

कौसाबाई उतरली ती सरळ सुखदेवकडे गेली. सदऱ्याची कॉलर नीट केली. मग तिचे हात आपोआप त्याच्या कमरेकडे वळले. सुखदेव एक पाऊल मागे सरला.

"हात मांगं, माय!"

"काय गा?"

"मांगं घे. असे."

म्हातारीनं ते थरथरते हात पाठीमागे बांधले. शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. सुखदेवनं सगळ्यांदेखत, निवांतपणे, बैलाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

ताई म्हणाली, "माय, खाट त्याची झाली. जूनमध्ये आणून सोडा."

मला वाटलं कौसाबाई हसेल, किंवा रडेल. ती कडुनिंबाखाली बसली, पाणी मागितलं, सगळं प्याली. मग म्हणाली, "त मंग घरी मी सकाळी उठून काय करू वं बाई?"

सुखदेवनं विचार केला. "बैल सोडत जा," तो म्हणाला. "मी धानाले येतो." धान म्हणजे भात, म्हणजे त्याच्या कापणीला. मायनं मान हलवली, आणि लगेच म्हणाली, गाठ जरा ढिली हाये. हात मात्र तिनं पुन्हा मागे नेले होते.

हळूहळू आवार रिकामं झालं. मंदाचा भाऊ आला, तिनं शेवटचा फुगा मागून घेतला आणि गेली. सुखदेवनं बैल जुंपले. मी माझी पिशवी घेऊन पायरीवर बसलो होतो, यष्टीची वाट बघत. गाडीत चढता चढता तो थांबला.

"बाई, याले न्यायले कोनी नाही आलं काय?"

"तो एकटाच जाणार आहे," ताई म्हणाली. "पुण्याला."

"एकटा? इतल्या दूर?"

त्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. मग ताईजवळ येऊन, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, म्हणजे तळ्यावरच्या म्हशींनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाला, "नका पाठवू, बाई. याले अजून जमत नाही. दिलेला कांदा खाऊन टाकते."